हो, मीच

मी नकला करतो. एसटीचा कंडक्टर, आमचे हेडसर, ‘उद्या या’ म्हणणारा हापिसातला साहेब, सगळे माझ्या घशात फुकट राहतात. सगळ्यात झकास नक्कल दादाची. त्याच्या आवाजात हाक मारली की वहिनी चुलीपुढनं ‘आले’ म्हणून उठायची, आणि मग मला उलथनं दाखवायची.

मागच्या पावसात दादा तापानं गेला.

त्याचे आणि त्याच्या पोरीचे सगळे फोटो नेटवरच्या खात्यात होते. फोन भरला म्हणून त्यानं तिकडे टाकलेले. वहिनीकडे साधा बटणांचा फोन. पोरगी आता विचारायला लागलेली, बाबा कसा दिसायचा?

पासवर्ड वहिनीला पाठ होता, म्हणून दोघं जव्हारला नेट कॅफेत गेलो. पासवर्ड टाकला तर पडद्यावर आलं : ‘हा कॉम्प्युटर ओळखीचा नाही. ही जागा नेहमीची नाही. तुम्हीच आहात का?’

मी दादाच्या आवाजात म्हटलं, “अरं मीच हाये बाबा, उघड की!”

कॅफेवाला खो खो हसला. वहिनी नाही.

“नुसत्या पासवर्डवर नाय भागत आता,” तो म्हणाला. “माणूस कुठनं आलाय, कुठल्या फोनवरनं, किती वाजता, सगळं बघतंय ते. उगाच चुकत राहाल तर कायमचं बंद होईल.”

जीपमध्ये वहिनी एवढंच बोलली, “भाऊजी, ते बंद झालं तर पोरीला काय दाखवू?”

मी मोखाड्याला जाऊन दादाचा बंद फोन नवी बॅटरी आणि रिचार्ज टाकून चालू करून आणला. आमच्या गावात, पोशेऱ्यात, घरात जेमतेम एक काडी रेंज, नेट लागतं ते शाळेमागच्या कातळावर. दादा कामावरनं आला की रोज साडेपाचला तिथं बसायचा. मी कुणाला न सांगता साडेपाचला गेलो. त्याच्यासारखे पाय खाली सोडले, एकाच अंगठ्यानं पासवर्ड टाइप केला. फोनला पाय दिसत नाहीत, माहितीये. पण नक्कल अर्धी केली की फसते.

‘तुम्हीच आहात का?’

खाली दोन बटणं. ‘हो, मीच’ आणि ‘नाही’.

एवढी छोटी नक्कल आयुष्यात केली नव्हती. तोंडसुद्धा उघडायचं नव्हतं. अंगठा दाबला आणि खातं उघडलं. पोरगी झोळीत, पोरगी चिखलात, पोरगी दादाच्या खांद्यावर.

एकटाच हसत बसलो होतो, तेवढ्यात चढावर वहिनी दिसली. पायात चप्पल नाही, मुठीत बटणांचा फोन. दादानं खात्याला तिचा नंबर जोडलेला, ते मला कुठं ठाऊक? तिला मेसेज गेला होता : ‘तुमचे खाते नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून उघडले.’

ती अर्ध्यातच थांबली. “कोण हाये तिथं?”

बोलायला गेलो तर माझा स्वतःचा आवाज पटकन सापडेना. नुसता हात वर केला.

ती येऊन शेजारी बसली. अंधारेपर्यंत फोटो बघत होती.

“स्टुडिओतनं कागदावर काढून आणतो,” मी म्हटलं. “मग खातं बंद करून टाकू.”

“काढा कागदावर. पण बंद नका करू, भाऊजी. मेसेज येऊ द्या.”

फोटो आता पोरीच्या डब्यात आहेत. तरी मी दर रविवारी साडेपाचला कातळावर जातो. खाली घरात मेसेज वाजतो. सुरुवातीला खातं दर वेळी विचारायचं, तुम्हीच आहात का?

गेल्या रविवारी विचारलंच नाही. सरळ उघडलं.