बिघाड सांगतो, बिघडवणारा नाही

लोणावळ्याच्या बाजारातल्या बोळात जानूभाऊ ओव्हाळांचं दुरुस्तीचं दुकान आहे. हॉटेलवाल्यांचे टीव्ही, चिक्कीवाल्यांचे वजनकाटे, कुणाचा मिक्सर, जे येईल ते. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा कंजूष. वस्तू कशानं बिघडली हे ते सविस्तर सांगतील. कुणी बिघडवली हे मात्र मारून टाकलं तरी सांगणार नाहीत. मिक्सरात चमचा सापडला तर तो गुपचूप त्यांच्या खिशात जातो. घरात खापर शेवटी पोराच्या नाहीतर सुनेच्याच डोक्यावर फुटतं, असं त्यांचं म्हणणं.

परवा कुरवंड्याचे मारुती आबा आले. ऐंशीच्या घरातले, जन्मभर एका बंगल्यावर माळी. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला काळा डबा त्यांनी टेबलावर ठेवला. जुना घरगुती कॉम्प्युटर. बटणांच्या पोटातच सगळं यंत्र, आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. बंगल्याच्या मालकानं नवा घेतला तेव्हा हा आबांच्या मुलाला, अमृतला, दिला होता.

"दुरुस्त करायचाय?"

"झाला तर झाला. पर मला येक सांगा. ह्यो अमृतनं बिघडवला का न्हाई?"

जानूभाऊंच्या कपाळाला आठी पडली. नेमकं तेच विचारायला आलेलं गिऱ्हाईक त्यांना नवीन होतं.

आबांनी सगळं सांगितलं. अमृत तेव्हा आठवीत. एक दिवस बघतात तर पोरगं डबा खोलून बसलेलं, आणि कॉम्प्युटर बंद. आबांनी त्याला बदडलं आणि डबा ट्रंकेत घातला. इंजिनिअर व्हायचं खूळही त्याबरोबर ट्रंकेत गेलं. आता अमृत पन्नाशीचा, तळेगावला कंपनीची बस चालवतो. गेल्या महिन्यात आईच्या दहाव्याला, घाटावर बसल्या बसल्या, तो एकदम म्हणाला, "आबा, म्या न्हाई बिघडवला."

"पन्नास वर्साचा बाप्या खोटं कशाला बोलंल, जानूभाऊ? मंग बिघडवला कुनी? कळल्याबिगर मला झोप न्हाई."

जानूभाऊंनी अडॅप्टरला मीटर लावला. वीज नीट येत होती. टीव्हीला जोडलं तर पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी, बाकी काही नाही. म्हणजे वीज पोचत होती, डोकं चालत नव्हतं. मग त्यांनी झाकण काढलं. एकही स्क्रू पिळलेला नव्हता. खोलणाऱ्याचा हात हलका होता. त्यांनी बोटानं एकेक चिप चाचपली. बाकी सगळ्या कोमट, एक थंडगार. ती उपसली, तर पाय हिरवे पडलेले, दोन पार गंजून गेलेले, आणि बुडाशी पिवळा-लाल थर. ब्लेडनं खरवडून त्यांनी तो नाकाशी नेला. हळद होती.

"आबा, ह्याला हळदकुंकू कुनी वाहिलं?"

"म्याच की. खंडेनवमीला कुदळ-खुरप्यासंगट पुजलावता. आदी कुदळ धुतली, मंग ह्योबी धुतला. घरातली नवी वस्तू, पानी जरा जास्तच घातलं."

"आन् बंद कदी पडला?"

"दसऱ्याला... म्हंजी दुसऱ्याच दिशी."

अजूनही गप्प बसता आलं असतं. दमट हवेवर ढकललं असतं तर लोणावळ्यात ते कुणालाही पटतं. पण जानूभाऊंच्या चिमट्यात कापसाचा धागा आला होता. चिपच्या पायात अडकलेला, हळदीनं पिवळा पडलेला, देवघरातल्या वातीचा. त्यांना वाईट वाटलं, आणि रागही आला. आयुष्यभराचा नेम त्यांनी तिथंच मोडला.

"आबा, तुमी घातलेल्या पान्यानं गेला. पोरानं खोलला तो नंतर. ते बिचारं आतलं पानी वातीनं टिपत व्हतं."

आबांनी तो धागा चिमट्यातून आपल्या तळहातावर घेतला. मग त्यांनी मोबाइल पुढं केला. "अमृतला लावा."

म्हाताऱ्या माणसाचा फोन, आवाज मोठा ठेवलेला. जानूभाऊंना ऐकायचं नव्हतं तरी सगळं ऐकू आलं.

"अमृत, मी रं. त्या कॉम्प्युटरात पानी म्या घातलं व्हतं."

पलीकडे बसचं इंजिन बंद झालं.

"ठावं हाय, आबा," अमृत म्हणाला. "मला तवाच ठावं व्हतं."