मागची सीट

पृथ्वी वाचवायची म्हणून मी इलेक्ट्रिक बाईक घेतली आणि वर्षभर अख्ख्या ऑफिसला ते ऐकवलं. मिरकरवाडा बंदरावरून येणाऱ्या चढावर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणारी एक बाई मला रोज दिसायची. सीटला वास लागेल म्हणून मी कधी थांबलो नाही. पृथ्वीत मी तिला धरलंच नव्हतं.

परवा त्याच चढावर चार्ज संपला. गाडी ढकलताना मला धाप लागली. तिने पाटी सरळ माझ्या मागच्या सीटवर ठेवली आणि गाडीला हात लावला.

"रोज सुसाट जाता, भाऊ. मला वाटलं, ह्या गाडीला ब्रेकच नसतो."

वर पोचल्यावर मी पाटी उचलून तिच्या डोक्यावर चढवली. 'बसा, सोडतो,' असं अगदी मनापासून म्हणावंसं वाटलं. गाडीत चार्ज नव्हता.