देल्फिनाबाईंची नदी

देल्फिनाबाईंसमोर मी आजवर बऱ्याचदा चिडलो आणि दर वेळी शेवटी तोंडात बोट घालून उभा राहिलो. कोचापाताच्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. सहा इयत्ता, एक खोली. नदीच्या दोन्ही काठांवरच्या आम्हा सहा शाळांची हीच तऱ्हा. राजधानीतून तक्ते यायचे, त्यांवर आगगाडी आणि सिग्नल. आमच्या डोंगरांत दोन्हींचा पत्ता नाही. बाईंनी पिठाची पोती उसवली, जोडून शिवली आणि त्यांवर आमचीच जनावरं, आमचीच शेतं रंगवली.

रविवारच्या बाजारात, बटाटे आणि चीज घेता घेता, आम्ही शिक्षक ही कापडं एकमेकांना देतो. नियम बाईंचाच: नेलेलं कापड परत करताना आपल्या पोरांनी त्यात एक चित्र वाढवायचं. माझ्या मक्याच्या कापडावर त्यांच्या पोरांनी पोपट काढून धाडला, निम्मं कणीस फस्त केलेला! माझा नुसता संताप झाला. वर्गात मात्र एरवी मुकाट बसणारी पोरं त्या पोपटावर तासभर बोलली.

बाईंच्या शाळेत योवाना होती, जन्मापासून बहिरी. तिचा बाप फाउस्तिनो वरच्या कुरणात लोकरीसाठी पाळलेले अल्पाका राखायचा. एकदा बाजारात माझ्यासमोरच तो बाईंना म्हणाला, "हिला ऐकूच येत नाही, शाळेत बसून काय उजेड पाडणार? बटाटे निघाले की नेतो वर, जनावरांमागं."

"तोवर तरी राहू दे, भाऊ. मी तिच्याशी चित्रांनी, हातांच्या खुणांनी बोलते."

"आणि ती काय बोलते?"

"अजून काही नाही," बाई म्हणाल्या. "पण बघते फार."

फाउस्तिनो हसला. पोरगी शेजारीच उभी होती.

त्या वर्षी बाईंनी टूम काढली की प्रत्येक शाळेनं आपल्या गावापुढची नदी रंगवायची आणि सगळी कापडं जोडून पोरांना अख्खी नदी दाखवायची. ती सलग आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. बटाटे निघाल्यावर आम्ही कोचापाताला जमलो. ठरल्याप्रमाणे फाउस्तिनोही मुलीला न्यायला आला होता.

कापडं भिंतीवर टांगली आणि घोटाळा झाला. गाव राखणारा डोंगर म्हणजे आमचा आपू. प्रत्येक गावानं आपला आपू वर काढलेला, नदी खालच्या कडेला. आता समोरासमोरच्या काठांवरची गावं ती! तीन कापडांत पाणी उजवीकडं चाललेलं, तीन कापडांत डावीकडं.

"तुमची तीन उलटी टांगा," मी पलीकडच्या काठावरच्या मास्तरांना म्हणालो.

"आमचा आपू डोक्यावर उभा करू? जीभ झडेल सर तुमची! तुमचाच करा की."

"माझा? गावात पाय ठेवू देतील का मला?"

बाईंनी वाद घातला नाही. कापडं उतरवून त्यांनी मैदानात अंथरली. तरी पाणी जुळेना. तेवढ्यात योवाना आमच्या पायांमधून आत शिरली. तिनं माझ्या शाळेचं कापड ओढलं, गर्रकन फिरवलं आणि त्याची नदी पलीकडच्या गावाच्या नदीला भिडवली. मग दुसरं फिरवलं, मग तिसरं.

तीन डोंगर इकडं, तीन तिकडं आणि मधून एकच पाणी. योवाना त्या पाण्यात अनवाणी उभी राहिली. मीही चपला काढून तिच्यामागं गेलो. जिकडं तोंड करावं तिकडचा आपू सरळ उभा! जन्मभर मी आमच्या काठालाच नदी समजत आलो होतो. बाई तोंडावर पदरासारखी शाल धरून रडत होत्या.

फाउस्तिनो कापडावरचे डोंगर चुकवून नदीतून आला आणि लेकीसमोर उकिडवा बसला. डोक्यावर दोन बोटांचे कान करून त्यानं अल्पाका दाखवला आणि तळहात उघडला. कुठं?

योवानानं त्याचं मनगट धरून त्याला कोचापाताच्या कापडावर, बर्फाळ शिखराखालच्या कुरणाशी नेलं. तिथं जनावरांचा वाडा होता आणि टोपीवाला एक माणूस. फाउस्तिनोनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिनं मान डोलावली. मग त्यानं तिच्याकडं बोट केलं आणि पुन्हा तळहात उघडला. ती त्याला खाली शाळेपाशी घेऊन आली. दारात तिनं एक मुलगी काढलेली होती.

तो बाईंकडं वळला.

"राहू दे तिला इथं, बाई," तो म्हणाला. "आणि हातांनी विचारायचं कसं, ते मलाही शिकवा. एवढी मोठी झाली, मी तिला कधी काही विचारलंच नाही."