मुतारीचं कुलूप

“मावशी, तुमी जरा मागं सरका. शुभ काम हाय.”

भाऊ हे बोलले तेव्हा नारळ माझ्या हातात होता. बाजारातल्या बायांसाठी मुतारी बांधायची होती, तिचं भूमिपूजन होतं. माझ्याच वार्डात. मी तिथली नगरसेविका. ही मुतारी मिळावी म्हणून पालिकेच्या प्रत्येक सभेत मी उभी राहिले होते. मुतारी हा शब्द सभेत बोलू नका, स्वच्छतागृह म्हणा, असं मला सांगितलं. मी मुतारीच म्हणाले. पुरुष हसले. मी परत म्हणाले. शेवटी वैतागून त्यांनी मंजूर केली.

गुरुजींनी माझ्या कपाळाकडं बघितलं, मग भाऊंकडं बघितलं. भाऊंनी माझ्या हातातून नारळ काढून घेतला आणि आपल्या सुनेच्या हातात दिला. ती आमच्या वार्डात राहत नाही. बाजारात तिला कुणी कधी बघितलं नाही. तिनं नारळ फोडला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मी मागं सरकत सरकत चपला काढल्या होत्या तिथपर्यंत गेले.

तिथं गयाबाई उभी होती. बोरीहून भाजी घेऊन येते. तोंडाची लय फटकळ. म्हणाली, “अक्का, तुमीच आनली ना ही मुतारी? मग चपलांपाशी कामून उभ्या? राखन करायल्या का?”



भाऊ आमच्या गावचे पुढारी. मला तिकीट त्यांनीच दिलं. का दिलं तेही सांगते. वार्ड बायकांसाठी राखीव झाला आणि त्यांना एक विधवा पाहिजे होती. माझा नवरा ऊसतोडीला गेला आणि तिकडंच ट्रॉलीखाली मेला. भाऊंनी मला दारोदार फिरवलं. प्रत्येक दारात तेच बोलणं. “बिचारीला कुनी न्हाई. रिकाम्या कपाळाची बाई हाय. हिच्या पदरात मत टाका.” पदर पसरा म्हणाले, मी पसरला. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. घरी येऊन जेवले, झोपले. राजकारण असंच असतं, असं मी मनाशी म्हणाले.

चपलांपाशी उभी राहिले तेव्हा कळलं. मत मागताना माझं रिकामं कपाळ चाललं. नारळ फोडताना तेच कपाळ अपशकुनी झालं. कपाळ एकच.  पण त्या दिवशी मी भांडण काढलं नाही. आधी मुतारी होऊ दे, असं ठरवलं.

मुतारी झाली. फरशी बसली, दारं बसली. आणि दाराला कुलूप बसलं. उद्घाटनाला मुंबईचे साहेब येणार होते आणि साहेबांची तारीख मिळत नव्हती. दिवाळी गेली. संक्रांत गेली. बाजाराच्या दिवशी बाया घरून पाणी न पिता निघायच्या. दुपारपर्यंत कळ सोसायच्या, मग जुन्या गोदामाच्या भिंतीआड जायच्या. लघवीला आग होते म्हणून कितीजणी रडायच्या, ते मला माहीत आहे. मीही त्याच बाजारात वांगी विकली आहेत.

एका बाजारी गयाबाई भिंतीआड बसली होती. दारू पिऊन आलेली पोरं भिंतीवर चढली आणि वरून शिट्ट्या मारायला लागली. गयाबाई तशीच लुगडं सावरत उठली. भाजीची टोपली तिथंच टाकून सरळ माझ्या दारात आली.

“अक्का, त्या मुतारीत देव बसवलाय का? कुलूप कशाला मग?”

चावी पालिकेत नव्हती. भाऊंच्या बंगल्यावर होती. मी बंगल्यावर गेले. भाऊ झोपाळ्यावर चहा पीत होते.

“भाऊ, चावी द्या.”

“तारीख भेटली की देतो. घाई कशाची, मावशी? बाया जातेतच की कुठंबी.”

सून आत हसली. त्या घरात खोलीगणिक संडास आहे.

बाया जातेतच की कुठंबी. रस्ताभर तेच माझ्या कानात होतं. कुत्री जातात कुठंबी. जनावरं जातात कुठंबी. आणि या माणसाच्या शब्दावर मी लोकांच्या दारात पदर पसरला होता.

पुढच्या बाजारी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी मुतारीपाशी गेले. ज्या दगडावर सुनेनं नारळ फोडला होता तो तिथंच कडेला पडला होता. तोच उचलला आणि कुलपावर घातला. पालिकेचा शिपाई पळत आला.

“अक्का, अहो काय करायल्या! नोकरी जाईल माझी!”

“माझं नाव सांग.”

“तुमचंच सांगतो,” तो म्हणाला आणि लांब जाऊन उभा राहिला.

कुलूप हलकं निघालं. पडलं. गयाबाईनं दुकानातून नारळ आणला आणि माझ्या हातात दिला.

“फोडा. आता बघू कोन मागं सरकवतंय.”

मी उंबऱ्यावर फोडला. खोबरं वाटलं. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता, हापशावरून बादल्या आणल्या. कुंकू लावलेल्या, न लावलेल्या, सगळ्या बाया आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. सरकारी मालमत्तेचं नुकसान. भाऊंचा निरोप आला, चुकून झालं असं लिहून द्या, नाहीतर तिकीट विसरा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढं पुरलं. मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, “कुलूप मी तोडले. जाणून तोडले. परत लावले तर परत तोडीन.”

तिकीट गेलं. आता निवडणूक लागली आहे. या खेपेला तिकीट सुनेला आहे. मी अपक्ष अर्ज भरला आहे. त्याच दारांत जाणार आहे, पण एकटी, आणि पदर खांद्यावर ठेवून. विधवा म्हणून मत देणार असाल तर देऊ नका, हे मी प्रत्येक दारात सांगणार आहे. पडले तरी बाजाराच्या दिवशी मी मुतारीपाशीच बसणार. तो दगड मी घरी आणून ठेवला आहे.