आमच्या टीमचा मंजुनाथ

बारा वर्षं मी कोल्हापुरात पेठेतल्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो. गोलकीपरला उभं राहून बघायचंच काम जास्त, त्यामुळं किस्से साचत जातात. त्यातले निम्मे मंजुनाथचे. लोक हसतात म्हणून सांगतो. सांगून झालं की दमायला होतं.

मंजुनाथ सिद्दी, कर्नाटकातल्या हल्याळकडचा. पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेले. घरात कानडी, मराठी दोन्ही. शहाण्णव साली आमच्याकडं राइट विंगला खेळायला आला.

आल्या आल्या त्याच्यासाठी खोली बघायला गेलतो. मालक म्हणाले, "फॉरेनरला देत न्हाय." मंजुनाथनं रेशनकार्ड काढलं. मालकांनी उलटसुलट बघितलं. "कार्ड बरोबर हाय हो, पण गल्लीत कुणाकुणाला दाखवत बसू?"

तो सीझन मंजुनाथ आमच्या तालमीच्या हॉलमध्येच झोपला.

गडहिंग्लजला गोव्याच्या टीमशी मॅच. आपलंच पब्लिक, पण बॉल मंजुनाथकडं गेला की माकडाचे आवाज! त्यानं दोन गोल मारले. मग त्यातल्याच चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं. एकजण ओरडला, "काळा असला तरी आपला हाय!"

एसटीत मी विचारलं, "दमलास?"

"पळून न्हाय दमलो. त्या 'तरी'नं दमलो."

पुढं कोल्हापुरात खरंच नायजेरियाचे खेळाडू यायला लागले. तोवर मंजुनाथनं लग्न करून बिऱ्हाड थाटलं होतं. आमच्यात एक नायजेरियन आला, तर कमिटी म्हणाली, "मंजुनाथकडं ठेवूया, त्यांची भाषा जुळंल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुनाथ माझ्या दारात. "जरा चल की. त्यो चहा पितो का दूध, एवढं विचार. तुझं इंग्लिश बरं हाय."

सगळ्यात जुन्या खेळाडूला कॅप्टन करायची आमची पद्धत. मंजुनाथची पाळी आली आणि पद्धत बदलली. सेक्रेटरी म्हणाले, "कपासोबत कॅप्टनचा पेपरात फोटो येतो रे. लोकांना वाटायचं, टीम बाहेरची हाय." कॅप्टनचा दंडावरचा पट्टा मला दिला. मी घेतला. हे मी फारसं सांगत नाही.

दोन सीझन मैदानात टीम तो चालवायचा, टॉसला मी जायचो. तिसऱ्या वर्षी फायनलला सगळे लाइनीत उभे राहिल्यावर मी पट्टा काढला आणि त्याच्या दंडाला बांधला. सेक्रेटरी लांबून हातवारे करत राहिले. मंजुनाथ एवढंच म्हणाला, "उशीर केलास."

तेवढ्यात मुंबईहून आलेले प्रमुख पाहुणे हात मिळवत आले. कॅप्टन म्हणून पहिला मंजुनाथच. पाहुण्यांनी त्याचा हात धरला आणि मोठ्यानं, सावकाश विचारलं, "हाऊ... डू यू... लाइक... इंडिया?"

मंजुनाथनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. हसला नाही.

"बरा हाय की," तो म्हणाला. "पावणं कुठलं म्हणायचं?"