सूर्याला बटण नसतं

संशय हा सर्व ज्ञानाचा आरंभ आहे, असं थोर लोक सांगून गेले आहेत. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या बाबतीत तो आरंभ, मध्य आणि शेवट असा सगळाच होता. मधे ज्ञान कुठं बसवायचं एवढाच प्रश्न उरायचा. भाऊजी तीस वर्षं जंगलखात्याच्या नाक्यावर होते. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ट्रक आला की खाली सागवान दडवलंय का हे पाहायला त्यात लोखंडी सळई खुपसायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर काम सुटलं, सळई सुटली नाही. मी ब्रह्मपुरीहून नेलेला पेढ्यांचा पुडा ते उघडण्याआधी हलवून कानाशी धरत. भाचीला पाहायला आलेल्या मुलानं "मी चहा घेत नाही" असं सांगितलं, तेव्हा भाऊजींनी त्याच्या गावी माणूस पाठवून विचारपूस केली, की मग तो घेतो काय. मुलगा दूध घेत होता. भाऊजींच्या मते हे जास्तच वाईट होतं.

मुलचेऱ्याजवळच्या त्यांच्या गावात विजेचे खांब येऊन सहा वर्षं झाली होती. वीज यायची होती. म्हणून कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर सोलरच्या दोन प्लेटा बसवल्या होत्या. एका उन्हाळ्यात वानरानं झाडावरून त्यातल्या एकीवर उडी मारली, काच तडकली, अवकाळी पावसाचं पाणी आत शिरलं, आणि स्वयंपाकघरातला दिवा पहाटेपर्यंत टिकेनासा झाला. माझी बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, पहाटेच चुलीपुढं बसते. एकदा अंधारात सरपणाला हात घालता घालता तिला तिथं मण्यार दिसली. मण्यार चावलेलं माणूस आमच्याकडे दवाखान्यापर्यंत क्वचितच पोचतं. बाईनं माझ्यादेखत सांगून टाकलं, "अजी, पाऊस लागाच्या आत दिवा पेटला पायजे. नाई तं चार महिने मी भावाकडे ब्रम्हपुरीले जाऊन राहीन." भाऊजींनी ताटातला भात तसाच ठेवला. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

चंद्रपूरहून एक मिस्त्री आला. भाऊजींनी त्याला खाटेवर बसवलं आणि विचारलं, "तुह्या घरी सोलर हाये का?"

"नाई भाऊ."

"काऊन नाई?"

पाऊण तास असे प्रश्न झाल्यावर मिस्त्री पाणी प्यायला म्हणून विहिरीकडे गेला आणि तिथूनच बसथांब्यावर. "पायलं? पयाला ना!" भाऊजी समाधानानं म्हणाले. मग प्लेट आपणच बदलायची असं ठरलं. नवी प्लेट त्यांनी एसटीतून मांडीवर, चादरीत गुंडाळून आणली, कारण "गाडीत ऊन लागून कोनाले झटका बसला तं?" ती जुनीइतक्याच व्होल्टची आहे असं पाठीमागच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं, पण चिठ्ठी काय, कोणीही चिकटवतो, म्हणून मीटर आणलं. मीटर खोटं बोलत असेल म्हणून दुसरं मागून आणलं. दोन्ही मीटरं एकच आकडा दाखवू लागली तेव्हा भाऊजी म्हणाले, "दोघं मिळालेले दिसते."

मला शिडी धरायला बोलावलं होतं. पण मी पोचलो तर शिडी खांबाला दोन ठिकाणी बांधून तयार. "मंग मी कायले?" मी विचारलं. "पाहाले," भाऊजी म्हणाले. "तुह्या हातावर सोडत नाई मी जीव. माह्या बायकोले घेऊन जानारा मानूस हायेस तू." मग चढायच्या आधी ते सळई घेऊन घरात गेले आणि खालून छपराचा एकेक वासा टोचू लागले. मी हसलो, बाई हसली. सातव्या वाशात सळई खव्यात जावी तशी आत गेली. वाळवीनं तो आतून पार खाल्ला होता. त्याच्या बरोबर वर फुटकी प्लेट होती आणि बरोबर खाली चूल. भाऊजींनी सळई काढली, धोतराला पुसली आणि चुलीकडे पाहत उभे राहिले. "शंभर गाड्यांत खुपसावं तवा एका गाडीत सागवान निघते," एवढंच म्हणाले. आमचं हसणं तोवर आटोपलं होतं.

दोन दिवस वासा बदलण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी, वारा नाही हे पाहून, ते वर चढले: हातातली अंगठी आणि घड्याळ काढून, हातमोजे घालून, कमरेला एक दोर आणि त्या दोरावर भरवसा नाही म्हणून दुसरा. कवेलूवर पाय न देता आडव्या टाकलेल्या फळीवरून सरकत गेले आणि दोन्ही प्लेटांवर जाड गोधड्या पांघरल्या. अंगणात जमलेल्यांपैकी शेजारचा म्हातारा ओरडला, "काय गा भाऊ, प्लेटीले हिव भरलं का?"

"दिव्याले बटन हाये," भाऊजी वरून म्हणाले. "सूर्याले कुठी हाये? ऊन पडलं का तारेत करंट. तू ये वर, तुले दाखवतो."

म्हातारा आला नाही. मग भाऊजींनी खाली उतरून आधी प्लेटांची तार सोडवली, नंतर बॅटरीची. पुन्हा चढून फुटकी प्लेट दोराला बांधून हलकेच खाली सोडली आणि नवी वर ओढून घेतली. जोडताना सगळं उलट्या क्रमानं, बॅटरी आधी. गोधड्या सर्वांत शेवटी निघाल्या. या सगळ्याला साडेतीन तास लागले. संध्याकाळी दिवा लागला. बाई "लागला" म्हणाली आणि तिनं भात चढवला. दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत निघालो. मला पोचवायला भाऊजी थांब्यावर आले, आणि गाडी कुठं जाते हे त्यांनी कंडक्टरला एकदाच विचारलं.

भाऊजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते झोपेत गेले. त्या बाजूला त्यांनी नाका बसवला नव्हता. तेराव्यानंतर अंगणात बसलो असताना मी बाईला विचारलं, "तवा दिवा नसता लागला, तं तू खरंच आली असतीस माह्याकडे?"

"काऊन येईन बापा?" ती तांदूळ निवडत म्हणाली. "धान कोन रोवलं असतं?"

पावसाळ्यातल्या भातरोवणीसाठी बारा मजूर बाया तिनं ती धमकी द्यायच्या आठ दिवस आधीच सांगून ठेवल्या होत्या. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. भाऊजींनी कोणाला विचारलं नव्हतं.