पारसभाऊ आणि वाहत्या पाण्याचा फोटो

प्रिय ईशान आणि मीरा,

परवा तुम्ही तळ्याकाठी उकिडवे बसून बदकांचे फोटो काढत होता आणि मी व्हिडिओ कॉलवर ते पाहून “आधी उभे राहा” म्हणून दरडावलं. तुम्ही हसलात. तुमच्या गावात बिबटे नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी दिवसभर माझे हात गार होते. कारण सांगितलं नाही तर आजी नुसती विक्षिप्त वाटेल, म्हणून पारसभाऊंबद्दल लिहिते.

पारसभाऊंचा नारायणगावात फोटो स्टुडिओ होता. त्यांचे आजोबा राजस्थानातून मंचरला आले आणि तिथे त्यांनी कापडाचं दुकान घातलं. भाऊ मात्र बोलायचे अगदी आमच्या शेजाऱ्यांसारखे. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांनी एक जपानी कॅमेरा घेतला. त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत, म्हणून ती घेऊन ते वारूळवाडीला आमच्या दारात उभे राहिले.

“वहिनी, तुमी इंग्रजी शिकलेल्या. ह्यो कॅमेरा काय म्हणतोय तेवढं सांगा.”

मी पुस्तिका मराठीत उतरवून दिली आणि उतरवता उतरवता मलाही नाद लागला.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हमरस्ता ओलांडताना ते अनोळखी माणसाचं कोपर धरत. कॅमेऱ्याला तर जिवापेक्षा जपत. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर माकडं असतात म्हणून कॅमेरा पिठाच्या डब्यात घालून नेत. ओळखीचं कोणी विचारी, “पारसभाऊ, दळण कुठं निघालं?” भाऊ न थांबता म्हणत, “देवाला पोळ्या करायच्यात, राव.”

आमच्या बागेमागून कालव्याची चारी, म्हणजे शेतांना पाणी नेणारा छोटा पाट, जाते. चारीच्या काठाला मी कर्दळ आणि नेचे लावले होते. कालव्याला पाणी सुटलं की चारीतल्या दगडांवरून ते खळाळत उतरे. हे पाणी फोटोत दुधासारखं मऊ यावं आणि कर्दळीची पानं मात्र रेखीव यावीत, हे भाऊंचं वेड होतं. दुपारी यायचं नाही, कारण “उन्हात पाणी करपतं.” ऊन उतरल्यावर यायचं, भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं, शटर काही सेकंद उघडं ठेवायचं. कॅमेरा पाण्याच्या उंचीला हवा म्हणून स्टँड आखूड करायचा आणि आपण शेजारी उकिडवं बसायचं. सेकंद ते मोठ्यानं मोजत: “एक राव, दोन राव, तीन राव...” तेवढ्या वेळात मी पाय हलवला तरी त्यांना खपत नसे. “वहिनी, जमीन हलली की पान हलतं. छत कोसळलं तरी बटन सोडायचं न्हाई.” उघड्या माळावर छत कुठलं, असं मी म्हटलं की म्हणत, “तेच तर. मग सोडायचं कशाला?”

दोन हजार सालच्या आसपास आमच्याकडे बिबट्याची दहशत बसली. उसात त्याची पिल्लं सापडू लागली, गोठ्यांतून वासरं गेली. शेतात वाकून काम करणाऱ्या एका बाईवर त्यानं झडप घातली. बसलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, म्हणून दिवस कलल्यावर शेतात वाकू नका, बसू नका, असं घरोघर सांगितलं गेलं. भाऊंनी येणं बंद केलं. मीच त्यांना बोलावलं. कर्दळ फुलली होती, पाणी सुटलं होतं, आणि चारीपलीकडचा ऊस तुटायचा होता तरी तो वीस पावलं लांब होता. माझा हा हट्ट मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

भाऊ आले. चार फोटो त्यांनी काढले. पाचव्याला म्हणाले, “आता तुमी.” उसाकडे पाठ करून मी स्टँडशेजारी उकिडवी बसले आणि बटणाची वायर हातात घेतली. भाऊ समोरच्या काठावर, भिंगावर उजेड येऊ नये म्हणून छत्री धरून उभे. मी बटण दाबलं. “एक राव, दोन राव...” आणि त्यांचा आवाज थांबला.

“वहिनी, उभ्या ऱ्हावा. सावकाश. मागं बघू नका.”

मी हलले नाही. शटर उघडं होतं. माझी परीक्षा घेतायत असंच मला वाटलं.

“तीन राव,” मीच पुढे मोजलं.

“वहिनी, उठा.”

“चार राव.”

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. चारी जेमतेम हातभर रुंद. त्यांनी पाय चारीवरून पुढे टाकला, नेमका स्टँडच्या मागे टेकवला आणि स्टँड ओढला. कॅमेरा पाण्यात गेला. तो धरायला मी ताडकन उभी राहिले, तोल जाऊन वळले आणि मला तो दिसला. उसाच्या कडेला, पोट जमिनीला लावून. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

भाऊंनी छत्री उंच धरली, माझं कोपर घट्ट पकडलं आणि मला चारीपलीकडे ओढून घेतलं. आम्ही उलट्या पावलांनी घराकडे सरकलो. ते पुटपुटत होते, “पाच राव, सहा राव.” किती मोजले मला आठवत नाही. तो उठला, आमच्याकडे पाहत राहिला आणि उसात शिरला. पानं मिटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

घरात शिरताच भाऊंनी दोन्ही दारांना कड्या घातल्या. मी चहा केला. तासाभरानं मी म्हटलं, “तुम्ही माझा जीव वाचवलात.”

“कशाचं, वहिनी. मी पळालोच असतो, पण पाय उचलंना. लटपटताना स्टँडला लागला असंल.”

मी तो पाय टेकवताना पाहिला होता. पुढे कितीदा विचारलं तरी उत्तर हेच. ते पुन्हा कधी उघड्यावर फोटो काढायला गेले नाहीत. स्टुडिओत त्यांनी धबधब्याचा रंगवलेला पडदा लावला आणि त्याच्यापुढे लोकांचे फोटो काढत राहिले. मी दिवेलागणीनंतर बागेत जाणं सोडलं. दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती. काही वर्षांनी हृदयविकारानं ते गेले. त्याआधीच्या शेवटच्या भेटीतही त्यांनी विचारलं होतं, “ऊस तुटला का?”

शेजाऱ्यांनी बॅटऱ्या घेऊन जाऊन कॅमेरा चारीतून काढून आणला होता, पण तो दुरुस्त झाला नाही. भिजलेला रोल त्यांनी त्याच रात्री धुतला होता. त्यांनी काढलेल्या चारांतला एक फोटो माझ्या टेबलासमोर आहे. खालच्या कोपऱ्याला पाण्याचा डाग पडला आहे, कर्दळीची पानं रेखीव आहेत, आणि पाणी दुधासारखं आलं आहे.